कंदिलांत तेल कोणतें घालावें?

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. विजेचे खांब आडवे झाले, तारा तुटल्या, आणि त्या जिल्ह्यांतील कित्येक गांवें पुढें कित्येक दिवस, कांहीं तर कित्येक आठवडे, अंधारांत राहिलीं. असा प्रसंग आला म्हणजे सुखवस्तु घरांतहि माळ्यावर पडलेल्या कंदिलाची आठवण होते. तो खालीं उतरवितात, काच पुसतात, वात कातरतात. आणि येथवर सारें यथासांग झाल्यावर एक प्रश्न उभा राहतो, जो पन्नास वर्षांपूर्वीं कोणत्याहि घरांत उभा राहिला नसता. यांत घालावयाचें काय?

पन्नास वर्षांपूर्वीं उत्तर ठरलेलें होतें : रॉकेल, म्हणजेच घासलेट. पहिला शब्द ‘रॉक ऑइल’वरून आणि दुसरा ‘गॅस लाइट’वरून मराठींत आला असें मानतात. दोन्ही शब्द आले, रुळले, आणि आतां ती वस्तूच घरांतून निघून चालली आहे. दिल्ली शहर २०१४ सालीं रॉकेलमुक्त म्हणून जाहीर झालें. त्यानंतर इतरत्रहि शिधापत्रिकेवरील रॉकेल कमी कमी होत गेलें. हें इष्टच झालें, याबद्दल वाद नाहीं. परंतु रॉकेलाबरोबर त्याविषयींचें ज्ञानहि गेलें. पेटत्या कंदिलांत तेल ओतूं नये, काचेच्या वरून फुंकर घालून तो विझवूं नये, हे नियम जुन्या गृहिणी कारण न विचारतां पाळीत. आजच्या तरुणास कारण कळल्यावांचून नियम पटत नाहीं, आणि तेंहि योग्यच आहे. रॉकेल मिळालें नाहीं म्हणजे तो हाताशीं असेल तें ओतूं पाहतो : गाडींतलें पेट्रोल, रंगाऱ्याकडचें टर्पेंटाइन, जनित्रासाठीं आणलेलें डिझेल, स्पिरिट, नाहीं तर देवघरांतील तेल. यांपैकीं कांहीं नुसतीं धूर करतात, कांहीं वातीवर चढतच नाहींत, आणि एक तर घर जाळतें.

सर्व घोटाळ्याच्या मुळाशीं एक समजूत आहे. जें तेल चटकन पेटतें तें दिव्याला उत्तम, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. दिव्यासाठीं असें तेल हवें कीं, जें वातीच्या टोंकाशीं जळेल आणि इतरत्र कोठेंहि जळूं म्हटल्यास जळणार नाहीं.

हें समजण्यासाठीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, पेटतें तें तेल नव्हे. तेलाची वाफ पेटते. द्रव जसजसा तापतो तसतशी त्याच्या पृष्ठभागावर वाफ जमते व ती हवेंत मिसळते. एका ठराविक उष्णतामानास ही वाफ इतकी होते कीं, जवळ ज्योत आणतांच ती क्षणभर भपकन पेटून जाते. त्या उष्णतामानास इंग्रजींत ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. मराठींत त्यास भडक्याचा अंश म्हणावयास हरकत नाहीं. हा अंश जितका उंच तितकें तेल घरांत बाळगण्यास निर्धोक. पेट्रोलचा भडक्याचा अंश शून्याच्या खालीं सुमारें ४० अंश सेंटिग्रेड इतका आहे. म्हणजे हिमालयांतील कडाक्याच्या थंडींतहि उघड्या पेट्रोलवर पेटूं शकेल अशी वाफ तरंगत असते. स्पिरिटाचा अंश १३ च्या आसपास, टर्पेंटाइनचा ३५ च्या आसपास. भारतीय मानकाप्रमाणें घरगुती रॉकेलाचा हा अंश निदान ३५ असावा लागतो. दिव्यासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या शुद्ध पॅराफिन तेलाचा तो पुष्कळ वर, शंभराच्या जवळपास असतो, आणि तीळ, खोबरें, एरंडी यांच्या तेलांचा तर दोनशेंच्याहि पलीकडे. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यांत आज जे तीन वर्ग आहेत तेहि याच अंशावर पाडलेले आहेत. २३ अंशांच्या खालीं भडकणारे पदार्थ पहिल्या वर्गांत, २३ ते ६५ पर्यंतचे दुसऱ्या, आणि ६५ ते ९३ पर्यंतचे तिसऱ्या. पेट्रोल पहिल्या वर्गांत पडतें, रॉकेल दुसऱ्या. कागदावर एका रेघेचें अंतर. घरांत तें जीवनमरणाचें अंतर आहे.

ही रेघ कोणी सहज बसून आंखलेली नाहीं. तिच्यामागें पुष्कळ भाजलेलीं माणसें आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत टर्पेंटाइन आणि मद्यार्क यांच्या मिश्रणावर चालणारे दिवे घरोघर असत. प्रकाश स्वच्छ, किंमत बेताची, आणि स्फोट नित्याचे. १८४६ च्या सुमारास अब्राहम गेस्नर या कॅनडांतील गृहस्थानें दगडी कोळशासारख्या खनिजापासून दिव्याचें तेल काढून दाखविलें, व मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘केरोसिन’ नांव दिलें. पुढें १८५९ सालीं पेन्सिल्व्हानियांतील टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक याच्या विहिरीस खनिज तेल लागलें आणि केरोसिन स्वस्त झालें. येथेंच नवा अनर्थ उद्भवला. खनिज तेल तापवून गाळूं लागलें म्हणजे प्रथम हलका, उडून जाणारा भाग बाहेर पडतो, त्यानंतर दिव्याचें तेल. तो हलका भाग म्हणजे आजच्या पेट्रोलचा सख्खा भाऊ. मोटार अजून जन्मास यावयाची होती. त्याला गिऱ्हाईक नव्हतें. तेव्हां फेंकून देण्यापेक्षां व्यापारी तो केरोसिनांत मिसळून विकीत. चार्ल्स चँडलर या रसायनज्ञानें १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठीं बाजारांतील नमुने तपासले, तेव्हां त्यांतील बहुतेक असुरक्षित ठरले. जॉन रॉकफेलरनें १८७० सालीं काढलेल्या कंपनीचें नांव ‘स्टँडर्ड’ ठेवलें, तें आपलें तेल सदा एका प्रतीचें असतें असा विश्वास गिऱ्हाइकांस वाटावा म्हणून, असें सांगतात. रॉकफेलरच्या इतर कृत्यांबद्दल कोणी कांहींहि म्हणो, नांव मात्र त्यानें काळाची गरज ओळखून ठेवलें होतें.

इंग्लंडांत १८६२ पासून यासंबंधीं कायदे होऊं लागले. परंतु तेलाची परीक्षा उघड्या भांड्यांत होत असे, आणि उघड्या भांड्यावरील वाफ वाऱ्याच्या झुळुकेसरशीं उडून जाते. परीक्षा घेणारा बदलला कीं निकाल बदले. ही पळवाट सर फ्रेडरिक एबल यांनीं बुजविली. त्यांच्या यंत्रांत तेल झांकलेल्या भांड्यांत घालून तें बाहेरून पाण्याच्या उष्णतेनें हळूहळू तापवितात, आणि उष्णता थोडी थोडी वाढेल तसतशी झांकणांतील लहान खिडकी उघडून बारीक ज्योत क्षणमात्र आंत दाखवितात. ज्या अंशास आंत निळसर झळक उठेल, तो त्या तेलाचा भडक्याचा अंश. १८७९ च्या ब्रिटिश कायद्यानें ही कसोटी मान्य केली व मर्यादा ७३ अंश फॅरनहाइट ठरविली. ७३ फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ २३ सेंटिग्रेड. वर सांगितलेल्या आपल्या कायद्यांतील पहिली रेघ हीच.

पुढें मोटार आली आणि बाजार उलटा झाला. टाकाऊ द्रव महाग झाला, दिव्याचें तेल स्वस्त राहिलें. मग लबाडीचीहि दिशा बदलली. रॉकेलांत पेट्रोल मिसळण्याऐवजीं पेट्रोल-डिझेलांत रॉकेल मिसळूं लागले. शिधावाटपाचें रॉकेल भारतांत निळ्या रंगानें रंगविण्यांत आलें, तें ही चोरी ओळखूं यावी म्हणून. एवढ्यावरून रॉकेलाचा डबा आतां निर्भेळच असणार असें मात्र समजूं नये. एकाच टांक्यांतून, एकाच पिंपांतून दोन्ही पदार्थ नेले जातात, आणि चुकून मिसळणें हें लबाडीनें मिसळण्याइतकेंच घातक. नायजेरियांत २००१ सालीं पेट्रोलमिश्रित रॉकेल बाजारांत गेलें व दिवे आणि स्टोव्ह पेटवितांना घरोघर माणसें भाजलीं. पेट्रोलचा थोडासा अंश सबंध डब्याचा भडक्याचा अंश कितीतरी खालीं ओढतो. म्हणून ज्या डब्यांत कधीं काळीं पेट्रोल होतें त्यांत रॉकेल घेऊं नये. डबा धुतला होता, ही सबब पुरेशी नाहीं. संशय आल्यास कागदावर एक थेंब टाकून पाहावा. पेट्रोल पाहतां पाहतां उडून जातें, रॉकेलाचा डाग बराच वेळ राहतो. पण ही कसोटी ढोबळ आहे. थोडी भेसळ तिला कळत नाहीं. तेल पेटवून पाहण्याची कसोटी तर कोणीं स्वप्नांतहि करूं नये.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं, जिच्याकडे आपल्या देशांत पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. २३ काय किंवा ३५ काय, हे अंश थंड देशांतील माणसास भरपूर उंच वाटतात. नागपूर, अकोला, जळगांव या बाजूस मे महिन्याच्या दुपारीं सावलींतलें उष्णतामान ४५ पर्यंत आणि क्वचित् त्यापुढेंहि जातें. म्हणजे ज्या रॉकेलाचा भडक्याचा अंश नेमका ३५ आहे तें त्या दुपारीं पत्र्याच्या खोलींत, डब्यांत पडल्या पडल्याच, तो अंश ओलांडून बसलेलें असतें. लंडनमध्यें ज्या रॉकेलापाशीं काडी ओढली तरी सहसा कांहीं घडत नाहीं, त्याच रॉकेलापाशीं वऱ्हाडांत उन्हाळ्यांत काडी ओढणें हा जुगार आहे. जुन्या बायका कंदील दिवसाउजेडीं, चूल पेटण्यापूर्वीं, पडवींत बसून भरून ठेवीत. त्यांतील शहाणपण हें. मावळल्यावर भरावयाचा तर उजेडासाठीं दुसरा दिवा जवळ लागतो, आणि अपघात बहुधा त्या दुसऱ्या दिव्यामुळें होतो. अर्धवट रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां अधिक धोक्याची, हेंहि याच कारणानें. तेल कमी तितकी वाफेला जागा अधिक. वात नळींत सैल बसत असेल तर ज्योत त्या फटींतून खालच्या वाफेपर्यंत पोंचते, म्हणून कंदिलाला त्याच्या मापाचीच वात घालावी. आणि वरून फुंकर कां घालूं नये, तर ती ज्योतीला खालीं ढकलते. वात उतरवावी, ज्योत निळी होऊं द्यावी, ती आपोआप जाते.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग तिळाचें तेलच कंदिलांत घालावें. दोनशें अंशांपर्यंत निश्चिंति. युक्तिवाद सरळ आहे, पण कंदील तो मानीत नाहीं. समईकडे पाहावें. तिच्यांत वात तेलांतच निजलेली असते आणि ज्योत तेलाच्या पातळीपासून बोटभरहि दूर नसते. हें केवळ शोभेसाठीं नव्हे. वनस्पतींचें तेल दाट असतें. वातीच्या तंतूंतून तें फार उंच चढूं शकत नाहीं. आपल्याकडे करंज, तीळ, करडई, एरंडी, कोंकण-गोव्यांत खोबरेल आणि उंडीचें तेल दिव्यांत जाळीत, आणि या सर्व दिव्यांची घडण पसरट, उथळ, तीच. युरोपांत सरसूच्या जातीच्या बियांचें तेल जाळीत. तेथें एमे आर्गां यानें १७८० च्या सुमारास पोकळ वर्तुळाकार वात व कांचेची नळी असलेला तेजस्वी दिवा काढला, तेव्हां तेल वातीपर्यंत पोंचविण्यासाठीं टांकी ज्योतीच्या वर टांगावी लागली, आणि १८०० च्या सुमारास कार्सेल यानें तर त्यासाठीं दिव्याच्या बुडांत घड्याळाची कळ बसवून पंप चालविला. रॉकेल आल्यावर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरला, कारण पातळ रॉकेल चार-पांच बोटें उंच वात सहज चढून जातें. आपला कंदील, मग तो अमेरिकन डीट्झ असो वा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर असो, याच गुणावर रचलेला आहे. त्यांत तिळाचें तेल घातल्यास वात कोरडी पडते, ज्योत लुकलुकते, आणि अखेर वातच जळून काजळते.

याचें उलट टोंक अधिक भयंकर आहे. समईंत किंवा पणतींत रॉकेल कधींहि घालूं नये. तेथें तेल उघडें असतें व ज्योत त्याच्या अगदीं जवळ. रॉकेल तापून भडक्याच्या अंशास पोंचलें कीं ज्योत वातीवर राहत नाहीं, सबंध पात्र पेटतें. तेव्हां तेल निवडणें म्हणजे दिवा ओळखणें. उथळ आणि उघड्या दिव्यास दाट तेल, उंच वातीच्या झांकलेल्या दिव्यास पातळ. आणि पेट्रोल यांपैकीं कोणासहि नाहीं. पंपाच्या बत्तीला, जिला लोक पेट्रोमॅक्स म्हणतात, रॉकेलच लागतें. तिला तापविण्यापुरतें स्पिरिट वापरतात तें वाटीभर नव्हे, पळीभर. परदेशांत पेट्रोलसारख्या हलक्या द्रवावर चालणाऱ्या बत्त्याहि मिळतात, पण त्यांची टांकी व नळ्या त्यासाठींच घडविलेल्या असतात. त्यांचें पाहून रॉकेलच्या बत्तींत तें ओतणें म्हणजे आत्मघात.

बाकीच्यांचा निकाल थोडक्यांत लागतो. डिझेल कंदिलांत जळतें, पण घाण वास, दाट धूर आणि वातीवर कीट. टर्पेंटाइन वापरल्यास खोलीभर काजळी आणि धोका, दोन्ही. स्पिरिटाची ज्योत दिवसा दिसतहि नाहीं आणि उजेडहि देत नाहीं. जवसाचें तेल हवेनें चिकट होऊन वात बुजवितें. शिवाय त्यानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपल्या आपणच तापून पेटूं शकतात, हें सुतार व रंगारी जाणतात. औषधी लिक्विड पॅराफिन वातीला जड जातें. दिव्यासाठींच तयार केलेलें पातळ पॅराफिन तेल मात्र चालतें. रॉकेल न मिळणाऱ्या शहरी घरास तेंच सोईचें. त्याला वास नाहीं, धूर थोडा, भडक्याचा अंश उंच. रुंद वातीच्या कंदिलांत त्याची ज्योत रॉकेलाइतकी मोठी होत नाहीं. ती वाढविण्याच्या नादांत वात फार वर काढली तर धूर होतो. थोड्या उजेडावर समाधान मानावें.

निर्धोक हा शब्द येथें जपून वापरला पाहिजे, कारण भडका हा एकच धोका नव्हे. पातळ तेलाचा घोट लहान मुलाच्या श्वासनळींत उतरला तर फुप्फुसांस सूज येते. रॉकेल पिऊन आजारी पडलेलीं मुलें आपल्या रुग्णालयांस पिढ्यान् पिढ्या परिचित आहेत. असें झाल्यास मुलास ओकारी करवूं नये, कारण ओकतांना तेल पुन्हा श्वासनळींत जातें. थेट रुग्णालय गांठावें. पॅराफिन तेल याबाबतींत रॉकेलाहून सोज्वळ नाहीं, उलट रंगीत व सुवासिक असल्यास सरबतासारखें दिसतें. युरोपीय संघानें घरगुती दिव्यांसाठीं अशा रंगीत-सुवासिक पातळ तेलांची विक्री बंद केली, ती मुलांच्या मृत्यूंमुळेंच. सरबताच्या रिकाम्या बाटलींत दिव्याचें तेल भरून ठेवणारे लोक अजून आहेत, आणि त्यांत शिकलेलेहि आहेत. धुराचें म्हणाल तर, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत असें आढळलें कीं, बिनकाचेच्या साध्या चिमणींत जळणाऱ्या रॉकेलाच्या वजनापैकीं शेंकडा ७ ते ९ भाग काजळी होऊन हवेंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं घरांत रॉकेल जाळूं नये असाच सल्ला दिला. कंदील हा आतां अडीअडचणीचा सोबती आहे. खिडकी किलकिली ठेवूनच तो लावावा, आणि रात्रभर उशाशीं तेवत ठेवूं नये.

दिवा कलंडणें हें तर सर्व तेलांस समान संकट. श्रीलंकेंतील शस्त्रवैद्य विजय गोडाकुंबुरा यांनीं बाटलीच्या दिव्यानें भाजलेलीं माणसें तपासून तपासून शेवटीं स्वतःच एक दिवा घडविला. बसका, जाड कांचेचा, दोन बाजूंनीं चपटा म्हणून न घरंगळणारा, आणि आट्यांचें झांकण असल्यामुळें पडला तरी तेल न सांडणारा. त्यास त्यांनीं ‘सुदीप’ नांव दिलें व १९९८ सालीं त्याबद्दल त्यांस रोलेक्स पारितोषिक मिळालें. तेल बदलणें ज्यांस शक्य नाहीं त्यांच्यासाठीं दिवा बदलण्याचा हा मार्ग होता. तरीहि कंदील पडून पेटलाच तर त्यावर पाणी ओतूं नये. पाण्याबरोबर पेटतें तेल पसरतें. पेटता कंदील उचलून दाराकडे धांवूं नये. जाड ओली घोंगडी किंवा वाळू टाकून आग दाबावी. पाणी हवें तें भाजलेल्या अंगावर, थंड आणि वाहतें, चांगलीं वीस मिनिटें.

वीज परत आली कीं कंदील तसाच माळ्यावर चढवूं नये. टांकींतलें तेल काढून घ्यावें. तें तसेंच राहिलें तर पिवळें पडतें, वात कडक होते, आणि पुढच्या वादळीं ज्योत मिणमिणते. नवी वात आणली तर ती आधीं उन्हांत खडखडीत वाळवावी, कारण दमट वात तेल नीट ओढीत नाहीं. आणि घातल्यावर निदान पाव तास तेलांत भिजूं द्यावी, मगच काडी लावावी.